सुभेदार रामजी सकपाळ : पेन्शनीनंतरची वीस वर्षं

(विहाराच्या वर्धापनदिनी, २ फेब्रुवारी रोजी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण वस्तीतल्या दिवंगत सैनिकांची नावं वाचतो, दोन मिनिटं उभं राहतो, आणि मग कार्यक्रम पुढं सरकतो. प्रथा चांगलीच आहे. आपल्या ह्या पट्ट्यात सैनिकांना तोटा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना, दापोडीचं सी.एम.ई., देहूरोडचा डेपो, ह्या लष्करी खात्यांच्या आसऱ्यानं आपल्या कितीतरी वस्त्या उभ्या राहिल्या. एम.आय.डी.सी. नंतर आली, चाकण तर फार नंतर. तेव्हा यंदा समितीनं आम्हाला सांगितलं, भाऊ, सैनिकांवर तुम्ही बोला. आम्ही म्हटलं, बोलतो, पण आपल्या यादीत कधीच न आलेल्या एका पेन्शनर सैनिकावर बोलतो. त्यांचा स्मृतिदिन आजच आहे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील.

आम्ही काही विद्वान नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि मिलच्या पाळीला लागलो. जे काही वाचलं ते रातपाळीच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर. धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र असंच तुकड्या-तुकड्यानं वाचलं. त्यात बाबासाहेबांवर तर लक्ष होतंच, पण पहिल्या काही पानांतल्या ह्या म्हाताऱ्या सुभेदारानं आम्हाला धरून ठेवलं. आज जे सांगणार आहे त्यातलं बरंच त्या पुस्तकातलं आहे, काही खुद्द बाबासाहेबांनी सांगितलेलं आहे.

सुभेदारांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी तेही लष्करात. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या, ते घरही सुभेदार-मेजरचं. म्हणजे दोन्हीकडून पलटणीतली माणसं. आता विचार करा, गावात आपल्या माणसाच्या सावलीचाही विटाळ होत होता, त्या काळात रामजी लिहायला-वाचायला शिकले कुठं? पलटणीत. लष्करात शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा असायची, आणि ते शिक्षण सक्तीचं होतं. रामजी तिथं शिकले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी मास्तरकीचं शिक्षण घेतलं, म्हणजे आपल्या इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. आणि पुढं लष्करी शाळेत चौदा वर्षं ते हेडमास्तर होते. सुभेदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंदूक येते. ह्या सुभेदारांच्या हातात चौदा वर्षं खडू होता. महूच्या छावणीत असतानाच १४ एप्रिल १८९१ ला त्यांना चौदावं अपत्य झालं. ते कोण, हे ह्या विहारात सांगायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. बाबासाहेब वर्ष-दीड वर्षाचे असतील नसतील, तोच १८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची लष्करातली भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद साहेबानं काढला आणि त्यात आपल्याला बिनलढाऊ ठरवलं. भीमा-कोरेगाव चाकणहून फार लांब नाही. तिथल्या स्तंभावर आपल्या माणसांची नावं साहेबानंच कोरून ठेवलेली, आणि पंचाहत्तर वर्षांनी तोच साहेब म्हणतो, तुम्ही लढाऊ नाही! सुभेदारांना राग आला असेलच. पण ते नुसते चरफडत बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे जाऊन त्यांनी सरकारला पाठवायच्या अर्जाच्या मसुद्यासाठी मदत मागितली, अशी नोंद कीरांनी केली आहे.

ह्या भरतीबंदीचा अर्थ नीट समजून घ्या. आपण समजतो नोकरी गेली, पगार गेला. पगार तर गेलाच, पण पगाराबरोबर शाळा गेली. आपल्या पोरांना सक्तीनं शिकवणारी त्या वेळची एक शाळा पलटणीत होती, तिचं दार लागलं. ही गोष्ट हेडमास्तर सुभेदारांइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? आमच्या अल्पमतीप्रमाणं त्यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या वागण्याची किल्ली इथंच आहे. पलटणीची शाळा बंद झाली, तर ती त्यांनी आपल्या घरात चालू ठेवली. पन्नास रुपये पेन्शनीवर.

१८९३-९४ च्या सुमारास ते सेवानिवृत्त झाले आणि दापोलीच्या कॅम्पात आले. दापोली त्या काळी पेन्शनर मंडळींचं गाव. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. तेही लष्करातून पेन्शन घेतलेले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका काढली, आणि भरतीबंदीविरुद्ध त्यांच्या मंडळीनंही अर्ज केला. आज आपण रिटायर झालेल्या माणसाला म्हणतो, आता आराम करा. ह्या मंडळींनी पेन्शन बसली आणि खरं काम सुरू केलं, असं दिसतं. गणवेश उतरला होता, हातात लेखणी होती, आणि महिन्याच्या महिन्याला येणारे चार पैसे होते, ज्यासाठी गावकीच्या पुढं हात पसरायची गरज नव्हती. आपल्या चळवळीचं पहिलं भांडवल म्हणजे ही पेन्शन, असं आम्ही म्हणतो. कोणाला पटो न पटो.

पण पन्नास रुपयांत एवढा संसार भागेना. चौदातली पाच मुलं जगली होती. बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. सुभेदारांना पुन्हा नोकरी शोधावी लागली. आपल्या वस्तीत बघा, फौजेतून आलेला माणूस सहा महिन्यांत कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचा ड्रेस घालून उभा राहतो. रात्रभर थंडीत उभा राहून ट्रकचे नंबर लिहितो. लोक म्हणतात, पेन्शन असून हाव सुटत नाही. अहो, हाव कसली? घरात पोरगी इंजिनिअरिंगला असते! सुभेदारांचंही तेच झालं. साताऱ्यात सरकारी नोकरी धरली. तिथंच १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. मग सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल म्हणून गेले. दुष्काळी कामावर तिथं तळं खणत होते. मुलं साताऱ्यात, आत्या मीराबाईजवळ. मीराबाई पाठीनं वाकलेल्या होत्या, पण त्यांनी ही बिनआईची पोरं सांभाळली.

१९०१ च्या उन्हाळ्यात ही मुलं बापाला भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, घ्यायला कोणी नाही, कारण येत असल्याचं पत्र वेळेवर सुभेदारांच्या हाती पडलंच नव्हतं. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवाला बसवून घेईना, दुप्पट भाडं देऊन पोरांना स्वतः गाडी हाकावी लागली, रात्रभर पाणी मिळालं नाही. ही कथा आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. आम्हाला मात्र तिथं बापाचा विचार येतो. सरकारी तळ्यावर रोख पैसे मोजणारा माणूस, सुभेदाराचा हुद्दा भोगलेला, आणि त्याच्या पोरांना त्याच मुलखात घोटभर पाणी नाही.

सुभेदारांनी दुसरं लग्न केलं. ते धाकट्या भीमरावांना मुळीच आवडलं नाही. आपल्या आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर बघवत नव्हते. मोठ्या माणसाच्या घरातही अशी धुसफूस असते, ती लपवायचं कारण नाही. तर ह्या मुलानं ठरवलं की बापाच्या जिवावर जगायचं नाही, मुंबईला जायचं आणि गिरणीत काम करायचं! साताऱ्याची पोरं मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात असं त्यानं ऐकलं होतं. तिकिटाला पैसे हवेत, म्हणून रात्री आत्याच्या कमरेची पिशवी चोरायची. तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत अर्धा आणा. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग मन लावून अभ्यास करायचं त्यानं ठरवलं. हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितलं आहे.

मंडळी, आम्ही मिलचे कामगार. आमचे वडील परळच्या गिरणीत साच्यावर होते. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. त्या पिशवीत दोन रुपये असते तर? एक हुशार पोरगं गिरणीत गेलं असतं, फार तर जॉबर झालं असतं. गिरणीत जाणं वाईट असं आम्ही म्हणत नाही, आमचा संसार मिलनंच चालवला. पण आमच्या वडिलांच्या खात्यात आणि आमच्याही खात्यात अशी किती पोरं आली असतील, ज्यांच्या आत्याच्या पिशवीत नेमके तिकिटापुरते पैसे होते, त्याचा हिशेब कोणी ठेवला?

गोरेगावची नोकरी संपली आणि १९०४ मध्ये सुभेदार मुंबईला आले. लोअर परळची डबक चाळ. सगळा गिरणी कामगारांचा भाग. एक खोली. त्यात माणसं, भांडी, चूल, धूर. उशाला जातं, पायथ्याशी शेळी, असा त्या घराचा थाट. आता तिथं मॅट्रिकचा अभ्यास कसा करायचा? सुभेदारांनी पाळ्या लावल्या. आम्ही मुद्दाम हा शब्द वापरतो. मुलानं संध्याकाळी लवकर झोपायचं. म्हातारा दोन वाजेपर्यंत जागा. दोन वाजता मुलाला उठवायचं, आणि त्यानं रिकामी केलेल्या जागेवर स्वतः आडवं व्हायचं. एका अंथरुणावर दोन पाळ्या. आपल्यातल्या ज्यांनी भोसरीला दहा जणांत एक खोली घेऊन दिवस काढले, त्यांना ह्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. ते आपण पगारासाठी केलं. सुभेदारांनी पोराच्या पुस्तकासाठी केलं, आणि तेही म्हातारपणी.

पुस्तकांचा तर कहर होता. मुलाला शाळेची पुस्तकं सोडून इतर पुस्तकांचा नाद. सुभेदार नाही म्हणत नसत. पैसे नसले की लेकीच्या घरी जायचे. एकीकडं नसले तर दुसरीकडं. रोख नसली तर तिचा दागिना मागून घ्यायचे, तो गहाण टाकायचे, पुस्तक आणायचे, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत करायचे. मायभगिनींनो, मंजुळा आणि तुळसा ह्या नावांचा आपल्या भाषणात कधी उल्लेख होतो का? सासरी नांदणाऱ्या लेकी, नवऱ्याला, सासूला काय सांगत असतील? बापानं दागिना नेला, कशाला? तर भावाच्या पुस्तकाला! आणि आनंदराव? ते मोठे होते, तेही शिकत होते. दोघांचा खर्च झेपेना म्हणून त्यांनी शाळा सोडली आणि कामाला लागले. घरात एक जण शिकतो तेव्हा दुसऱ्या कोणीतरी वही मिटवलेली असते. आपण फोटो एकाचा लावतो. लावावाच. पण फ्रेमच्या मागं कोण कोण उभं आहे हे पोरांना सांगत चला.

इथं कोणी विचारेल, आणि आम्हाला विचारलेलंही आहे, की सुभेदार तर कबीरपंथी होते, घरात रामायण-महाभारत वाचून घेत होते, त्यांचं विहारात काय? प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ आहे. त्यांच्या काळात आपल्या माणसाला धम्माचा रस्ता दाखवणारं कोण होतं? जातपात न मानणाऱ्या कबीरापर्यंत ते आपल्या पायांनी चालत गेले. घरात दारू नाही, मटण नाही, पहाटे-संध्याकाळी भजन, आणि मुलांनी ते मोठ्यानं म्हणायचंच, ही लष्करी शिस्त. (कँटीनच्या कोट्याबद्दल आम्ही आज काही बोलत नाही, समोर बरेच माजी सैनिक बसले आहेत.) त्याच घरातला मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, सभा झाली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्याला आपलं बुद्धचरित्राचं पुस्तक भेट दिलं. पुस्तक केळूसकरांनी दिलं. पुस्तक वाचायची सवय कुणी लावली होती? आपण ज्या धम्मात आलो त्यात कोणी काय मानत होता यापेक्षा कसा वागला ते बघायला शिकवलं आहे.

पुढं भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत गेले. कीर लिहितात की बडोद्याच्या फौजेत त्यांना लेफ्टनंट म्हणून घेतलं. सुभेदाराचा मुलगा लेफ्टनंट! इंग्रजांच्या फौजेत आपल्या माणसाला सुभेदार-मेजरच्या वर पायरीच नव्हती. तरी मुलानं बडोद्याला जावं हे सुभेदारांना पसंत नव्हतं. तिथं जातीचा जाच होईल अशी त्यांना भीती असावी, आणि पुढं ती भीती किती खरी ठरली ते आपण जाणतो. थोडेच दिवस गेले आणि तार आली, वडील अत्यवस्थ. भीमराव निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या गाडीनं मुंबईला पोहोचेपर्यंत वेळ झाला होता. म्हातारा जीव धरून होता. मुलगा दिसला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि थोड्याच वेळात सुभेदार गेले. मिठाईचं पुढं काय झालं ते कोणी लिहिलेलं नाही.

त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठ, लंडन, बॅरिस्टरी, डॉक्टरेट, ह्यातलं काही सुभेदारांनी बघितलं नाही. मजूर पक्ष, महाड, नाशिक, राज्यघटना, नागपूर, काहीच नाही. १९२३ मध्ये लंडनला छापलेला रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. रुपयावरचा ग्रंथ आणि पन्नास रुपयांचा पेन्शनर!

आणि तो रानड्यांकडे नेलेला अर्ज? त्याचंही सांगतो. सरकारनं तेव्हा ऐकलं नाही. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानं जेजुरीच्या परिषदेतून पुन्हा अर्ज गेला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध सरल्यावर १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. गरज सरो वैद्य मरो. अखेर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर डॉक्टर आंबेडकर बसलेले होते. बापाच्या अर्जाचा निकाल मुलानं लावून घेतला, मध्ये जवळपास पन्नास वर्षं गेली. आपल्या वस्तीतले जे माजी सैनिक छातीवर पदकं लावून बसले आहेत, त्यांच्या भरतीचा पहिला कागद त्या म्हाताऱ्याच्या हातचा आहे. आणि त्याच मुलानं २५ डिसेंबर १९५४ ला आपल्या देहूरोडला येऊन बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेव्हा डेपोतली, कारखान्यातली, आसपासच्या गावांतली माणसं मुलाबाळांसह पायी गेली होती, हे जुनी मंडळी सांगत असत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जरा कडू आहे. ह्या विहाराचा वरचा हॉल आपण वर्गणी काढून बांधला. त्यात आज काय आहे? मंडपाच्या खुर्च्या, जयंतीचे स्पीकर, तीन मोडके पंखे आणि कुलूप. वस्तीत दहा बाय दहाच्या खोल्या अजून आहेत. टी.व्ही. चालू, बाळ रडतंय, बाप रातपाळीवरून येऊन झोपलाय, आणि कोपऱ्यात पोरगी बारावीचा अभ्यास करतेय. डबक चाळीतून आपण फार लांब आलोय असं समजू नका. गेल्या वर्षी अभ्यासिकेचा विषय समितीपुढं आला तेव्हा प्रश्न निघाला, रात्री हॉल उघडा ठेवला तर राखण कोण करणार, पोरी असतील, जबाबदारी कोणाची? प्रश्न बरोबर होता. विषय तिथंच पडला.

आज सकाळी आम्ही वस्तीतल्या पाच माजी सैनिकांच्या घरी गेलो. दोघं गेटवरच्या ड्यूटीतून नुकतेच आले होते, अंगावर अजून तोच ड्रेस. त्यांना सुभेदारांच्या दोन वाजेपर्यंतच्या जागरणाची हकीकत सांगितली, आणि विचारलं, आठवड्याला एक रात्र देता का? पाचही जणांनी हो म्हटलं. एक जण तर म्हणाले, भाऊ, रात्री दहा ते दोन जागायला आम्हाला काही नवीन शिकायचं नाही. म्हणजे पाच रात्री झाल्या. सहावी रात्र आम्ही घेतो, मिलनं रातपाळीची सवय लावूनच ठेवली आहे. सातव्या रात्रीला अजून नाव नाही. खुर्च्या हलवायला रविवारी सकाळी आठ वाजता यायचं आहे, पोरींच्या आयांनी एकदा येऊन हॉल बघून जायचा आहे, आणि कागद बाहेर चप्पल स्टँडच्या वर लावला आहे, पेन दोरीला बांधलंय.

जय भीम.